होळीपर्यंत पुरी होणारी जीप

काकांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मला त्यांचे फक्त पाय दिसले.

मी नुकतीच बोईसरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागले होते. मूळची कऱ्हाडकडची, वय तेवीस, आणि समुद्राकडच्या या मुलखात ओळखीचं एकही माणूस नाही. बोईसरात जागा परवडेना. कुणीतरी सांगितलं, एक स्टेशन अलीकडे उमरोळीला जा, तिथं भाताच्या खाचरांच्या टोकाला एक कौलारू घर आहे, त्यांना खोली भाड्यानं द्यायची आहे. गेले. अंगणात चिकूच्या झाडाखाली एक जुनी लष्करी जीप उभी होती. तिला बॉनेट नव्हतं, पुढची काच नव्हती, आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आलेले होते.

"घरात कुणी आहे का?" मी विचारलं.

"कोन?" जीपखालून आवाज आला.

"खोली बघायला आलेय."

"नोकरी कुठं करता?"

"टेलिफोनमध्ये. ऑपरेटर आहे."

ठोकाठोकी थांबली. "म्हंजे कान चांगला असनार तुमचा. जरा थांबा हां. मी दोन ठिकानी ठोकतो. आवाज सारखा येतो का वेगळा, तेवढं सांगा."

मला काही कळेना. पण परक्या गावात, परक्याच्या अंगणात, मी मुकाट्यानं कान दिला. पहिला ठोका खणखणीत आला. दुसरा जरासा बद्द वाटला. तसं मी सांगितलं.

"बघ!" काका जीपखालूनच घराकडे ओरडले. "मी बोललो होतो ना, चिरलाय म्हनून! अगो, बाईंना खोली दाखव."

घरातून काकी आल्या. उंच, सडपातळ, डोक्यात अबोलीचा गजरा, आणि चालताना डाव्या पायात स्पष्ट लंगड. "या," त्या हसून म्हणाल्या. "खोली मिळाली तुमाला. मागच्या दोघांना आवाज नाय कळला."

त्या घरात मी साडेतीन वर्षं राहिले. जीपखालून बाहेर आल्यावर काका कसे दिसतात ते मला पहिल्या दिवशी संध्याकाळी कळलं. बुटके, रुंद खांद्यांचे, आणि चष्म्याच्या दोन्ही काड्यांना जाळं विणायचा निळा दोर बांधून तो गळ्यात अडकवलेला. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कापडाच्या कारखान्यात ते देखभाल विभागाचे फोरमन होते. शाळा सातवीपर्यंत. बाकी सगळं हातानं आणि विचारून विचारून शिकलेलं.

हे विचारणं म्हणजेच काका. एखादी गोष्ट चालते आहे एवढ्यावर त्यांचं समाधान होत नसे. ती का चालते, हे कळलं पाहिजे. "चाललं म्हंजे समजलं असं नाय," हे त्यांचं वाक्य मी हजारदा ऐकलं असेल. काकींच्या भावानं त्यांना मिक्सर भेट दिला, तो काकांनी आधी पूर्ण उघडला, आतली प्रत्येक वस्तू वर्तमानपत्रावर मांडली, पुन्हा जोडला, आणि चार दिवसांनी मग त्यात पहिली चटणी वाटली गेली. खाडीकाठच्या मुरबे गावी कुणा ओळखीच्याकडे जेवायला गेले, तर जेवण राहिलं बाजूला. खाडीवर एका होडीचं इंजिन थांबताना दोनदा उचकी देतं ते त्यांनी ऐकलं आणि नाखव्याच्या शेजारी ओल्या वाळूत बसकण मारली. यजमान पाटावर वाट बघत राहिले. पुतण्याच्या लग्नाला ते मुहूर्त टळल्यावर पोचले, कारण वाटेत एका बैलगाडीचं एकच चाक कुरकुरत होतं आणि ते एकच का, हे बघत ते गाडीवानाबरोबर उलट्या दिशेला दीड मैल गेले होते. काकींना याचा राग येत नसे असं नाही. पण त्या म्हणायच्या, "सवत असती तर भांडले असते. चाकाशी काय भांडू?"

तर ती जीप.

लष्कराच्या लिलावातून काकांनी ती कधीतरी घेतली होती. चारही चाकांना इंजिनाची ओढ मिळते, एक दांडा पुढं सारला की मागच्यांबरोबर पुढचीही चाकं ओढायला लागतात, अशी ती गाडी. तिचं मूळचं पेट्रोलचं इंजिन काढून त्यांनी कोपऱ्यात गोणपाटाखाली टाकून दिलं होतं. त्या जागी ते डिझेलचं इंजिन बसवत होते, आणि तेही साधं नाही. वसाहतीतल्या कुठल्याशा कारखान्यात एक परदेशी जनरेटर जळला होता. त्याचं विजेचं अंग गेलं, पण इंजिन शाबूत होतं, आणि त्या इंजिनाला टर्बो होता. भंगारात निघालेलं ते धूड काकांनी मिळवलं आणि टेम्पोतून घरी आणलं. मी तिथं राहायला जायच्या आधीची आठ वर्षं ते त्या इंजिनाशी झटत होते.

टर्बो म्हणजे काय, मी एकदा सहज विचारलं. काका उठले, माडाच्या झावळीची दोन पातळ पानं ओढून त्यांनी एक भिरभिरं वळलं आणि चहाच्या किटलीच्या तोटीसमोर धरलं. वाफेनं ते गरगर फिरायला लागलं.

"ही वाफ फुकट जात होती ना? तसा इंजिनचा धूर पन फुकट जातो. त्या धुरावर असं एक चाक फिरवायचं. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरं चाक. ते बाहेरची हवा इंजिनात कोंबतं. म्हंजे इंजिन आपल्याच सोडलेल्या श्वासावर जास्त श्वास घेतं." मग भिरभिरं माझ्या हातात देऊन म्हणाले, "पन सांगायला सोपं हाय."

ते खरंच होतं. जनरेटरचं इंजिन एकाच ठरावीक वेगानं फिरायला बांधलेलं; त्याला पायाच्या इशाऱ्यावर कमीजास्त व्हायला शिकवावं लागलं. नवं इंजिन आणि जीपचा जुना गिअरबॉक्स यांची तोंडं जुळेनात, म्हणून दोघांच्या मधे बसणारी एक जाड लोखंडी प्लेट करावी लागली. ती केसभर जरी सरकली तरी सगळं थरथरतं. पहिली प्लेट चुकली. दुसरी चुकली. दुसरीवर काकींनी पुढं मासळी साफ करायला सुरुवात केली. तिसरी बसली, त्या दिवशी काकांनी आम्हा दोघींना बोलावून तिच्यावरून बोट फिरवायला लावलं. "कळतो का जोड? नाय ना कळत?" त्यांचा चेहरा जावळ काढलेल्या मुलाच्या बापासारखा झाला होता.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तो रविवार मला लख्ख आठवतो. कारखान्यातले त्यांचे तिघेचौघे कामगार मुद्दाम आले होते. त्यातला एक उत्तरेकडचा, तो नेहमी चिडवायचा, "उस्ताद, ये गाडी इस जनम में चलेगी क्या?" काकांनी चावी फिरवली. दोनदा नुसतं गुरगुरलं. तिसऱ्यांदा असा काही आवाज झाला की चिकूवरचे कावळे उडाले, आणि काळ्या धुराचा एक लोट उठून थेट काकींच्या वाळत घातलेल्या सुकटीवर जाऊन बसला. सगळी सुकट काळी. कामगार टाळ्या वाजवत होते, काका इंजिनाला कान लावून उभे होते, आणि काकी त्या सुकटीकडे बघत म्हणाल्या, "चला. निदान धूर तरी पुरा झाला."

त्यानंतर महिन्याभरानं आम्ही तिला पहिल्यांदा रस्त्यावर काढलं. म्हणजे काका आणि मी. काकी आल्या नाहीत. सातपाटीकडे जाताना एका साध्या चढावर काकांनी जोर दिला आणि मागून कडाड्‌ करून आवाज आला. गाडी थांबली. इंजिन चालू, पण जीप हलेना. मला वाटलं, संपलं, इतक्या वर्षांची मेहनत गेली. काका मात्र मागच्या चाकाजवळ उकिडवे बसून आनंदानं मला हाका मारत होते.

"मागच्या चाकाचा दांडा तुटला बाई! बघा, नव्या इंजिनची ताकद त्याला झेपली नाय. आता समजलं, ताकद कुठं जाते. ताकद नेमकी कमजोर जागा शोधत जाते."

"पण आता घरी कसं जायचं?"

"पुढची चाकं हायत की!" त्यांनी पुढच्या चाकांना ओढ देणारा तो दांडा पुढं सारला, आणि मागची चाकं नुसती ओढत आणत आम्ही पुढच्या दोन चाकांवर परत आलो. वाटेत ते शीळ घालत होते.

असा हा माणूस. पण तो हे सगळं कशासाठी करतोय, हे मला कळत नव्हतं. कुणी विचारलं की काका प्रत्येकाला वेगळं उत्तर देत. कारखान्यात सांगत, निवृत्त झाल्यावर भाड्यानं चालवीन. पालघरजवळच्या माहीमच्या मेव्हण्यांना सांगत, तुमच्या वाडीतली केळी वाहायला उपयोगी पडेल. मला सांगितलं, "करून बघतोय." आणि कधी पुरी होणार, या प्रश्नाला त्यांचं एकच उत्तर ठरलेलं होतं. "होळीपर्यंत." कुठल्या होळीपर्यंत, ते त्यांनी कधीच सांगितलं नाही.

मला आणखी एक कोडं होतं. काकींनी त्या जीपसाठी सुकट घालवली, अंगण घालवलं, रविवार घालवले, त्याबद्दल एकदा तक्रार केली नाही. पण त्या जीपमध्ये कधी बसल्याही नाहीत. जीप कितीदा दारात सुरू होऊन उभी राही; काका म्हणत, "येतेस स्टेशनपर्यंत?" आणि काकी म्हणत, "पुरी होऊ द्या."

शेवटी मी काकींनाच विचारलं. आम्ही दोघी ओट्यावर वाल सोलत होतो.

"हा पाय बघतेस ना माझा," त्या म्हणाल्या. मला तोवर वाटत होतं, तो पाय जन्मापासूनच तसा असेल. "ही जीप नवीनच घेतलेली. यांच्या हाताखाली लखमा म्हनून वारली कामगार होता, जव्हारकडचा. त्याचं लगीन. त्याच्या पाड्यावर जायला एक चढ हाय, सगळा दगडगोट्यांचा. लखमा बोलला, सायेब, गाडी खालीच ठेवा. पन चारी चाकं ओढनारी गाडी, ती खाली ठेवतील होय हे? अर्ध्या चढावर इंजिन बंद पडलं. गाडी जी मागं सरकली ती आडवी जाऊन कडेला पान्यानं पडलेल्या वघळीत कलंडली. हे बाहेर फेकले गेले. माझा पाय खाली सापडला."

"मग?"

"मग काय. पाडा जवळ, दवाखाना लांब. लखमानं आनि चौघांनी उचलून वर नेलं. त्याची आत्या हाडं बसवायची. तिनं बसवलं, बांबूच्या कामट्या बांधल्या, कसलासा पाला वाटून लावला. वीस दिवस तिच्या झोपडीत होते मी. तिनं माझं सगळं केलं, पोरी. सगळं. लगीनघर होतं, पन आपल्या वाटची भाकरी मला द्यायची." काकींनी सोललेले वाल सुपात टाकले. "तिला परत भेटायचं होतं गं. पन त्या चढावर हा पाय नाय चालत. दोनदा बघितलं जाऊन. अर्ध्यावरून परत आले. कोनाच्या खांद्यावर बसून जायला मला नाय आवडत."

"काकांना माहीत आहे हे?"

"त्यांनी त्याच म्हयन्यात ते पेट्रोलचं इंजिन काढलं," काकी म्हणाल्या. "चढावर पेट्रोल तिरकं झालं म्हनून इंजिन उपाशी राहिलं, डिझेलचं तसं होत नाय, असं काय काय शोधून काढलं. माझ्याशी त्या दिवसाबद्दल एक शब्द बोलले नायत. मी पन नाय बोलले. आमी दोघं जीपबद्दलच बोलतो."

मग मी त्या जीपकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागले, आणि मला एक विचित्र गोष्ट दिसायला लागली. माझ्या मुक्कामाच्या तिसऱ्या वर्षी जीप खरं तर पुरी झाली होती. मागचे दांडे नवे, जाड बसवले होते. ब्रेक नवे होते. रेडिएटर मोठा होता. बॉनेटला फुगवटा काढून टर्बोला जागा केली होती. काका ती घेऊन कारखान्यात जात, पालघरला बाजाराला जात. पण दर रविवारी तिच्याखाली पाय दिसतच. विचारलं की म्हणत, "एक ठोका येतोय. गरम झाल्यावर. बारीक हाय." त्या ठोक्यापायी त्यांनी इंजिन दोनदा उतरवलं. लाकडी पट्टी इंजिनाला टेकवून दुसरं टोक कानाशी धरून ते तास तास उभे असत. काकी घरातून एकदा बघत आणि आत जात.

त्या वर्षी उन्हाळ्यात लखमा आला. तो कारखाना सोडून केव्हाच पाड्यावर परतला होता, आता केस पिकले होते. ओट्यावर बसून पाणी प्यायला आणि म्हणाला, "आत्याला आता नीट दिसत नाय. हात लावून वळखते मानूस. तुमचं नाव काडते, बाय. पायाचा इचारते."

काकींनी रिकामा तांब्या आत नेला. लखमा गेल्यावर त्या अंगणात आल्या. काका जीपखाली होते.

"अहो."

"हां."

"पुढच्या रविवारी जाऊ या."

जीपखालची ठोकाठोकी थांबली. मग काका म्हणाले, "ठोका येतोय अजून. ठोका काढल्याशिवाय चढाला नाय न्यायची. होळीपर्यंत..."

"होळी झाली की," काकी म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "पोरी, तुझा कान चांगला हाय ना? ऐक बघू."

काका बाहेर आले. त्यांनी इंजिन सुरू केलं, चांगली वीस मिनिटं तापवलं, मग लाकडी पट्टी माझ्या हातात दिली. मी ती प्रत्येक सिलिंडरवर, गिअरबॉक्सवर, त्या तिसऱ्या प्लेटवर, टर्बोवर टेकवून ऐकलं. घाई केली नाही. दिवसभर हेडफोन लावून खरखरीतून माणसांचे आवाज वेगळे काढणं हेच माझं काम होतं. बारीक आवाज असता तर मला मिळाला असता. काका माझ्या तोंडाकडे बघत होते. त्या घरात मला जागा मिळाली होती ती माझ्या कानावर, आणि त्या माणसाला माझ्याकडून नेमकं काय ऐकायचं आहे, हे मला चांगलं समजत होतं. बारीक ठोका आहे, असं खोटं बोलणं सोपं होतं.

"काका, ठोका नाही," मी म्हटलं.

"नीट ऐका. गरम झाल्यावर..."

"गरम झालंय. नाही ठोका."

"वर्षभर नाय," काकी शांतपणे म्हणाल्या. "मला रोज घरात ऐकू येतं ते इंजिन. कुठं ठोका हाय?"

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. मग जीपच्या पायरीवर बसले. "तिथंच पुन्हा बंद पडलं तर?" एवढंच ते म्हणाले. अकरा वर्षांत त्या दिवसाबद्दल त्यांनी उच्चारलेलं ते पहिलं वाक्य असावं.

"पडलं तर पडलं," काकी म्हणाल्या. "रविवारी सकाळी सहाला."

रविवारी काकींनी हिरवी इरकली साडी नेसून, माहीमच्या केळ्यांची टोपली, विड्याच्या पानांचा पुडा आणि एक नवं लुगडं घेऊन जीपमध्ये पुढं बैठक मारली. मी मागं. मनोर गेलं, विक्रमगड गेलं. काकांची नजर रस्त्यावरच होती. वाटेत दोन बंद पडलेल्या गाड्या दिसल्या. एरवी ते थांबल्याशिवाय राहिले नसते. त्या दिवशी त्यांनी मान वळवून बघितलंसुद्धा नाही.

चढाच्या पायथ्याला त्यांनी जीप थांबवली आणि उतरून तो सगळा चढ पायी चालून गेले. कुठं दगड सुटा आहे, कुठं चर पडलाय, पायानं चाचपत वर गेले आणि घामाघूम होऊन परत आले.

"तू आनि बाई हितंच सावलीत बसा," ते काकींना म्हणाले. "मी आधी रिकामी वर नेऊन बघतो. नीट गेली तर परत येतो न्यायला."

काकी उतरल्या नाहीत. "रिकामी गाडी वर नेऊन कोनाला काय करायचंय?"

"अगो, ऐक..."

"चला तुमी."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. मग त्यांनी पुढच्या चाकांचा दांडा सारला, सगळ्यात हळू गिअर टाकला, आणि जीप चढाला लागली.

मी पुढं आयुष्यात पुष्कळ घाट बघितले, पण तेवढी हळू चाल आणि तेवढी लांब पाच मिनिटं कधी बघितली नाहीत. गाडी बैलासारखी मान खाली घालून एकेक दगड घेत होती. टर्बोची बारीक शीळ चढत चालली. मध्यावर, जिथं उजव्या हाताला ती वघळ होती, मागची चाकं सुट्या दगडांवर जागच्या जागी फिरायला लागली. इंजिनाचा आवाज खाली खाली गेला. काकी पान चावत होत्या, त्या चावायच्या थांबल्या. काकांच्या मानेवरची शीर उभी राहिली. त्यांनी ब्रेकवर पाय नेला नाही. ॲक्सिलरेटर किंचित दाबला, धरून ठेवला, वाट बघितली. पुढच्या चाकांना कुठंतरी घट्ट दगड लागला. मागून काळा धूर निघाला, शीळ एकदम वर गेली, आणि गाडीनं अंग उचललं.

आम्ही वर पोचलो तेव्हा पाड्यावरची सगळी माणसं झोपड्यांच्या बाहेर येऊन उभी होती. त्या चढावरून तोवर मोटार आली नव्हती.

आत्या कुडाच्या भिंतीला टेकून बसली होती. अगदी वाळून गेलेली, डोळ्यांवर मोतीबिंदूचा पांढुरका पडदा. लखमानं कोण आलंय ते सांगितलं. हात पुढं करून तिनं काकींचा हातही धरला नाही; थेट डावा पाय धरला. इरकली वर सारून नडगीवरून बोटं खाली आणली, एका जागी थांबली, दाबलं, पुन्हा दाबलं. मग तिचा चेहरा बदलला.

"नाय बसला नीट," ती म्हणाली. "मलाच ठाव होता. सूज उतरायच्या आधी बांधला मी. घाई केली. बाय, तुला लंगडी मीच केली. इतकी सालं मला झोप नाय."

आम्ही थक्क झालो. काका तर दारातच उभे होते, ते एकदम पुढं आले. "तू नाय गो आत्या! तुझी कुठली चूक? गाडी मी वर आनली. लखमा सांगत होता तरी मी आनली. चूक माझी."

"हाड मी बसवला."

"पन मोडलं माझ्यामुळं!"

"मोडला तो मोडला. वाकडा बसला तो माझ्यापायी."

दोघंही हट्टाला पेटली. एकजण दुसऱ्याला आपल्या वाटची चूक घेऊ देईना. काका हातवारे करून कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल कसं तिरकं होतं ते त्या म्हातारीला सांगायला लागले, आणि ती त्यांना सूज उतरायला किती दिवस थांबायचं असतं ते सांगायला लागली. मला हसावं की रडावं कळेना.

"गप बसा दोघं," काकी म्हणाल्या. "पाय माझा हाय."

काकींनी नवं लुगडं आत्याच्या मांडीवर ठेवलं, तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि म्हणाल्या, "या पायावर मी रोज पानी भरते, सैपाक करते, माहीमला जाऊन येते. दोनदा वाडीत माडाखालचे नारळ वेचलेत. वाकडा हाय पन हाय. तू नसतीस तर नसता." मग आत्याच्या खांद्याला डोकं लावून त्या रडल्या. काका बाहेर गेले. आत्याचा हात काकींच्या पाठीवरून फिरत राहिला, आणि जरा वेळानं तिनं लखमाला सांगितलं, भाकरी टाकायला लाव.

दुपार कलल्यावर आम्ही निघालो. उतार काकांनी चढापेक्षाही हळू घेतला. मध्यावर आल्यावर काकी म्हणाल्या, "थांबा हितं."

"हितं नको," काका म्हणाले.

"थांबा म्हनते ना."

त्यांनी थांबवली. मी उतरून चारही चाकांना दगड लावले. काकी माझा हात धरून उतरल्या आणि लंगडत त्या वघळीच्या काठापर्यंत गेल्या. कंबरभर खोल एक ओहोळ, कोरडा, तळाशी पाचोळा. दोन्ही काठांना करवंदाच्या जाळ्या, काळ्याभोर करवंदांनी लगडलेल्या. काकी बराच वेळ बघत राहिल्या. मग वळून काकांना म्हणाल्या, "एवढीशीच हाय की हो ही!"

काका स्टिअरिंग धरून समोर बघत बसले होते.

"या ना. बघा तर."

काका उतरले. माणूस थंड पाण्यात उतरतो तसे बेताबेतानं तिथवर गेले आणि काकींच्या शेजारी उभे राहून खाली बघायला लागले. काकी तोवर वाकून जाळीत हात घालून करवंदं तोडायला लागल्या होत्या.

"ओंजळ धरा," त्या म्हणाल्या.

काकांनी ग्रीसनं काळे झालेले दोन्ही हात पुढं केले. काकी तोडत होत्या आणि त्यांच्या ओंजळीत टाकत होत्या, एखादं मधूनच तोंडात टाकत होत्या, आणि ओंजळ भरून करवंदं खाली सांडायला लागली तरी काका हात तसेच धरून उभे होते.